बोहेमियन ऱ्हॅप्सडी: शब्द, अर्थ आणि पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं पहिल्यांदा ऐकणारा माणूस साधारण तिसऱ्या मिनिटाला मान वर करतो आणि विचारतो, "हे काय चाललंय?" तोवर सगळं ठीक असतं. पियानो असतो, एक दुःखी मुलगा असतो, गोड गिटार असते. मग अचानक कोणीतरी 'स्कारामूश, स्कारामूश' अशा हाका मारायला लागतं. ओळखीच्यांना धरून हे गाणं ऐकवायची मला जुनी खोड आहे, त्यामुळे तेच ते प्रश्न वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली. गाणं शेजारी लावून वाचलंत तर उत्तम. मिनिटं-सेकंद त्यासाठीच दिली आहेत.

आधी हे सांगा, तो 'मामा' कोण?

आई. हसू नका, हा प्रश्न खरंच येतो. शाळेत आमच्या वर्गातल्या एकाची ठाम समजूत होती की हा पोरगा खून करून मामाच्या गावाला पळून गेलाय आणि तिथे सगळं ओकतोय. आपल्याकडे भानगड झाली की पोरं मामाकडेच धाव घेतात, त्यामुळे आम्हालाही ते पटलं होतं. पण तो आईशी बोलतोय हे कळलं की गाण्याचा रंग पालटतो. मामा प्रकरण मिटवतो, आई रडते. आणि या मुलाला पोलिसांची किंवा फाशीची चिंता नंतर, आधी 'तुला रडवायचं नव्हतं' हे सांगायचंय.

गाण्यात नेमकं घडतं काय?

पहिली ४९ सेकंदं: वाद्यं जवळपास नाहीतच, नुसते आवाज. हे खरं आयुष्य आहे की मनाचे खेळ, असा प्रश्न. अंगावर दरड कोसळलीय आणि सुटायला वाट नाही. मग 'मी एक गरीब पोर, मला कोणाची दया नको' अशी शेखी, आणि वारा कुठूनही वाहो, आपल्याला काय त्याचं, असा शेवट.

तिथून बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारं संथ गाणं, सुरू होतं. एका माणसाच्या डोक्याला बंदूक लावली, चाप ओढला, तो मेला. आयुष्याला आत्ता कुठे सुरुवात झाली होती आणि ते उधळून टाकलं. उद्या या वेळेपर्यंत परतलो नाही तर तुझं चालू ठेव. दुसऱ्या कडव्यात तो सगळ्यांचा निरोप घेतो, आणि निरोप घेता घेता त्याचा धीर सुटतो: मरायचं नाहीये, पण कधी वाटतं जन्मलोच नसतो तर बरं झालं असतं. यापुढे शब्द चालत नाहीत, म्हणून २:३७ च्या आसपास बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची गिटार बोलायला लागते.

३:०५ ला पडदा वर जातो, ऑपेरा (पाश्चात्त्य संगीतनाटक) अवतरतो आणि खटला सुरू होतो. एक गट म्हणतो सोडा त्याला, दुसरा म्हणतो सोडणार नाही. इथे एक गोष्ट नीट ऐका. सुरुवातीला स्वतः म्हणालेलं 'मी एक गरीब पोर' हे वाक्य आता कोरस त्याच्या वतीने म्हणतो: हा गरीब घरातला गरीब पोर आहे, याचा जीव वाचवा. 'मी'चा 'हा' झाला. जो दया नको म्हणत होता, त्याच्यासाठी आता भर दरबारात दयेची याचना चाललीय, आणि तीही त्याच्याच शब्दांत. वकील अशिलाचं वाक्य उचलतो ना, अगदी तसं.

४:०७ ला रॉक सुरू होतं आणि तो बेड्या तोडतो. दगड मारून तोंडावर थुंकाल असं वाटलं का? प्रेम करून मरायला सोडाल असं वाटलं का? पहिला सवाल जगाला आहे, दुसरा एका कोणालातरी. आणि इतका वेळ 'मामा, मामा' करणारा मुलगा इथे पहिल्यांदाच 'बेबी' म्हणतो. समोरचं माणूस बदललंय. हा बदल मला कितव्या ऐकण्यात कळला ते सांगत नाही, लाज वाटेल.

मग सगळं शांत होतं. त्या शेवटाबद्दल स्वतंत्र प्रश्न खाली आहे.

खून खरा की रूपक?

गाणं लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीने हे कधीच सांगितलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच असायचं की ऐका, विचार करा आणि तुम्हाला काय वाटतं ते ठरवा. कधी तर यमक जुळवलेला वायफळपणा आहे म्हणून उडवून लावायचा. बँडमधल्या बाकी तिघांनीही हे झाकण उघडलेलं नाही.

तरी तर्क भरपूर. सगळ्यात चालणारा तर्क असा की मारलेला माणूस म्हणजे तो स्वतःच: जगाला दाखवायला घातलेला आपला चेहरा. १९७५ साली फ्रेडी त्याची प्रेयसी मेरी ऑस्टिन हिच्याबरोबर राहत होता, आणि आपल्याला पुरुष आवडतात हे उघडपणे बोलायची सोय त्या काळच्या ब्रिटनमध्येही फारशी नव्हती. गीतकार टिम राइस यांच्यासह अनेकांनी गाणं असंच वाचलंय. 'आत्ताच एक माणूस मारला' ही ओळ त्या नजरेने ऐकली की काटा येतो, हे मान्य.

दुसरा गट आल्बेर कामू या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीतल्या त्या निर्विकार खुन्याकडे बोट दाखवतो. तिसरा फाउस्टकडे, म्हणजे सैतानाला आत्मा विकणाऱ्याकडे. २००४ मध्ये इराणमध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट रीतसर प्रसिद्ध झाली तेव्हा सोबतच्या पत्रकात याच धर्तीचा अर्थ दिला होता: तरुणाच्या हातून चुकून खून होतो, त्याने आत्मा सैतानाला विकलेला आहे आणि फाशीच्या आदल्या रात्री तो देवाचा धावा करून आत्मा परत मिळवतो.

माझं मत विचाराल तर 'रूपक कशाचं' हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. कबुली, खटला, संताप, शरणागती हा क्रम पाहा. गुन्हा कुठलाही घाला, क्रम तोच राहतो. घरी न सांगता येण्यासारखं काही ज्याने केलंय त्याला हा क्रम पाठ असतो. म्हणून तर फ्रेडीच्या खासगी आयुष्यातलं ओ की ठो माहीत नसलेला चौदा वर्षांचा मुलगाही हे गाणं छातीशी धरतो.

नावाचा अर्थ काय?

'बोहेमियन' म्हणजे चारचौघांच्या रीतीभातींना न जुमानणारा, कलंदर. 'ऱ्हॅप्सडी'चं मूळ ग्रीक, अर्थ साधारण 'गाणी शिवून एकत्र केलेली'. गोधडीच म्हणा ना. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे आणि वरून एकच टाका.

एक गंमत. २०२३ मध्ये लंडनला सदबीजने फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव केला, त्यात या गाण्याचे कच्चे कागद होते. एका विमान कंपनीच्या जुन्या कागदांवर लिहिलेले. त्यावर आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असं नाव लिहून मग खोडलंय. बोहेमिया असो की मंगोलिया, त्याला शब्दाचा ठेका हवा होता असं दिसतं.

स्कारामूश, फँडँगो, गॅलिलिओ, फिगारो... ही वरात कुणाची?

स्कारामूश हा जुन्या इटालियन विनोदी नाटकातला ठरलेला इसम. फुशारक्या मारणारा, पण वेळ आली की शेपूट घालणारा. आपल्या तमाशातला सोंगाड्या जसा प्रवेश करताच ओळखू येतो, तसा तो तिथल्या प्रेक्षकांना ओळखू यायचा. फँडँगो हे जोरकस स्पॅनिश नृत्य. तेव्हा 'स्कारामूश, फँडँगो करशील का?' म्हणजे फुशारकी पुष्कळ झाली, आता नाचून दाखव. खुनाच्या आरोपीला हे विचारलं जातंय हे लक्षात घेतलं की विनोद कडू लागतो. फासाच्या दोरावर लटकणारा माणूसही नाचल्यासारखाच दिसतो, असंही काहीजण सुचवतात. मला ते जरा ओढूनताणून वाटतं.

गॅलिलिओ म्हणजे तोच, दुर्बीणवाला, चर्चने खटला भरून ज्याला शब्द मागे घ्यायला लावले तो. खटल्याच्या दृश्यात तो शोभतो. शिवाय ब्रायन मे हा खगोलभौतिकीचा विद्यार्थी, बँडसाठी संशोधन अर्धवट सोडलेला (ते त्याने पुढे २००७ मध्ये पुरं केलं आणि डॉक्टरेट घेतली), त्यामुळे ही मित्राची चेष्टा असावी असंही मानतात. फिगारो हा रोसिनी आणि मोझार्ट या दोघांच्या ऑपेरांमधला हजरजबाबी न्हावी. 'मॅग्निफिको' म्हणजे थोर, बडा माणूस. बील्झेबब हे सैतानाच्या सरदाराचं नाव, 'माश्यांचा (घोंघावणाऱ्या, पाण्यातल्या नव्हे) स्वामी' असा त्याचा अर्थ लावतात.

आता हे सगळं पाठ करून गाणं जास्त कळतं का? थोडंसं. खरा मुद्दा नादाचा आहे. गॅलिलिओ, फिगारो, मॅग्निफिको हे तिन्ही शब्द 'ओ'वर संपतात आणि 'ओ'वर आवाज हवा तेवढा ताणता येतो. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांच्या 'जी जी रं जी'चा शब्दकोशात अर्थ शोधायला आपण जात नाही. ती झील काढून टाकून पोवाडा म्हणून बघा, मग कळेल तिचं काम काय ते.

'बिस्मिल्ला' का? फ्रेडी मुसलमान होता का?

नाही, पारशी. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला तेव्हा अंत्यविधीही जरथुश्त्री धर्मगुरूंनी केले. पण त्याचा जन्म झांझिबारचा, आणि ते बेट मुस्लिमबहुल. 'अल्लाच्या नावाने' हा शब्द लहानपणापासून कानावर असणारच.

गाण्यात मात्र तो धर्म म्हणून आलेला नाही, ललकारी म्हणून आलाय. देवाचं नाव घेऊन कोरस म्हणतो, सोडणार नाही! आणि खटला संपता संपता सैतानाच्या सरदाराचंही नाव येतं. एका टोकाला बिस्मिल्ला, दुसऱ्या टोकाला बील्झेबब, दोन्हींची सुरुवात 'बि'-'बी'ने. देव आणि सैतान दोघेही या पोरावर हक्क सांगायला उभे, आणि मध्ये तो 'मामा मिया', म्हणजे 'आई गं', म्हणून ओरडतोय. पुन्हा आईच.

पाचगणीचा या गाण्याशी संबंध आहे म्हणे?

गाण्याशी थेट नाही, गाणाऱ्याशी नक्की. फरोख बलसारा (हे फ्रेडीचं मूळ नाव), जन्म ५ सप्टेंबर १९४६, आईवडिलांनी त्याला आठव्या वर्षी झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात धाडलं. पियानोचे धडे त्याने तिथेच गिरवले, 'फ्रेडी' हे नाव तिथेच पडलं, आणि 'द हेक्टिक्स' हा पहिला बँडही तिथल्याच पोरांचा. पुढे १९६४ च्या क्रांतीत कुटुंबाने झांझिबार सोडलं आणि ते लंडनजवळ फेल्टमला गेले.

आठव्या वर्षी समुद्रापलीकडे वसतिगृहात ठेवलेला मुलगा, आणि आईला उद्देशून 'मी परत आलो नाही तर' म्हणणारं गाणं. या दोन गोष्टी जोडायचा मोह मलाही होतो. पुरावा काही नाही, म्हणून जोडत नाही. पण पाचगणीला जाणारी माणसं स्ट्रॉबेरी आणि टेबललँड करून परततात, तेव्हा मात्र चुटपुट लागते.

एवढा मोठा कोरस कुठून आणला?

तिघांचा आहे. फ्रेडी, ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर. बास वाजवणारा जॉन डीकन यात गायलेला नाही.

निर्माता रॉय टॉमस बेकर सांगायचा तो किस्सा असा: फ्रेडीने त्याला घरी बोलावून पियानोवर सुरुवात वाजवून दाखवली, मध्येच हात थांबवले आणि म्हणाला, इथे ऑपेरा येतो. मग दोघे जेवायला गेले. ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं तेव्हा ऑपेरासाठी टेपवर जेमतेम अर्ध्या मिनिटाची जागा मोकळी ठेवली होती. फ्रेडी रोज उठून आणखी एक 'गॅलिलिओ' वाढवायचा. नुसत्या त्या भागाला तीनेक आठवडे गेले.

तेव्हा संगणक नव्हता. टेपवर २४ ट्रॅक, म्हणजे आवाज साठवायच्या २४ वेगळ्या वाटा, बस्स. तिघांनी एक सूर गायचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि ट्रॅक भरले की ते सगळे मिळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. दिवसाचे दहा-बारा तास. असे आवाजांचे १८० च्या घरात थर चढले. टेप मशीनमधून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागलं. ज्या पट्टीवर सगळी मेहनत आहे तीच पुसली जातेय आणि हा गडी अजून एक गॅलिलिओ मागतोय, असा तो प्रकार.

ऑपेराच्या अखेरीला 'फॉर मी'वर जो आवाज गगनाला भिडतो तो रॉजर टेलरचा. बाई नाही, ड्रमवाला.

हेडफोन लावून काय ऐकावं?

चार जागा सांगतो. ४९ व्या सेकंदाच्या सुमारास पियानो एकटा सुरू होतो. फ्रेडी तिथे एक हात दुसऱ्यावरून ओलांडून वाजवतो, खाली डुलणारा ठेका आणि वर टपकणारे सूर. 'लिटल हाय, लिटल लो'ला आवाज एका कानातून दुसऱ्या कानात उडी मारतो. दुसऱ्या कडव्यात पाठीच्या कण्यातून शिरशिरी गेली असं तो म्हणतो, त्यापाठोपाठ काचेवर नख टेकवल्यासारखं किणकिण ऐकू येतं. ती ब्रायनने गिटारच्या तारा पुलाच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) पलीकडे, जिथे एरवी कोणी हात लावत नाही, तिथे छेडल्यात. (ती गिटार त्याने वडिलांबरोबर घरीच बनवलेली, मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं.) आणि चौथी जागा शेवटच्या सेकंदातली, ती खाली.

पावणेसहा मिनिटांहून लांब गाणं रेडिओवर लागलंच कसं?

५ मिनिटं ५५ सेकंद. रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं, कापा. बँडचं म्हणणं, लावायचं तर पुरं लावा. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा निवेदक केनी एव्हरेट हा फ्रेडीचा दोस्त. त्याला एक प्रत दिली आणि डोळे मिचकावत बजावलं की लावायची नाही हं. पठ्ठ्याने दोन दिवसांत चौदा वेळा लावली. सोमवारी लोक दुकानात हजर.

ब्रिटनमध्ये गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. जानेवारी १९७६ च्या अखेरीस त्याला खाली खेचलं ते आबा (ABBA) या स्वीडिश बँडच्या गाण्याने, ज्याचं नाव 'मामा मिया'. असलं कोणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने काढून टाकलं असतं.

व्हिडिओत ते चार चेहरे अंधारात का?

१९७४ च्या 'क्वीन २' या अल्बमचं मुखपृष्ठ तसंच होतं, तेच जिवंत केलं. बीबीसीच्या कार्यक्रमात उभं राहून या गाण्यावर नुसते ओठ हलवणं हास्यास्पद दिसलं असतं, शिवाय बँड दौऱ्यावर होता. म्हणून दिग्दर्शक ब्रूस गावर्सने एल्स्ट्रीच्या स्टुडिओत चारेक तासांत हे उरकलं.

नंतर पुन्हा कसं गाजलं?

दोनदा. फ्रेडीच्या निधनानंतर १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये ते पुन्हा पहिलं आलं आणि पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले. १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' या चित्रपटात मोटारीत बसलेली पोरं त्यावर माना हलवताना दिसली आणि १९७६ ला अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबलेलं गाणं दुसऱ्यापर्यंत चढलं. २०१८ चा याच नावाचा चित्रपट तुम्ही बघितला असेलच.

आमच्या कॉलेजचा बँड हे वाजवू शकेल का?

क्वीननेही पूर्ण कधी वाजवलं नाही, तेव्हा टेन्शन घेऊ नका. मैफलीत ऑपेराचा भाग आला की चौघे विंगेत निघून जायचे, टेप लागायची, दिव्यांचा खेळ चालायचा आणि रॉकच्या पहिल्या ठोक्याला परत अवतरायचे. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत, वेम्बलीत, तर नुसतं बॅलड घेतलं आणि पुढच्या गाण्यात शिरले. तुम्हीही टेप लावा आणि चहा पिऊन या.

ध्रुवपद का नाही? आणि शेवटी 'काही फरक पडत नाही' म्हणजे काय?

दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्र घेतो. रूढ अर्थाने ध्रुवपद नाही, पण एक ओळ तीनदा येते आणि दर वेळी वेगळी असते.

पहिल्यांदा, सुरुवातीला, अनेक आवाजांच्या थरांनंतर: वारा कुठूनही वाहो, मला काही फरक पडत नाही. ही ऐट आहे. अजून काही घडलेलं नाही, त्यामुळे फरक न पडणं सोपं आहे.

दुसऱ्यांदा आईला: मी आलो नाही तर चालू ठेव, जणू कशानेच काही फरक पडत नाही. यातलं 'जणू' महत्त्वाचं. फरक पडणार आहे हे दोघांना माहीत आहे. निघणारा माणूस उंबऱ्यात उभा राहून 'काही नाही गं, होईल सगळं नीट' म्हणतो, तो सूर.

तिसऱ्यांदा खटला झालाय, आरडाओरडा झालाय, आई नाही, बेबी नाही, कोरसही मागे हटलाय. एकटा आवाज: कशानेच फरक पडत नाही, कोणालाही दिसेल, मला फरक पडत नाही. ही शांतता मानायची की दमणूक, हे मला दर वेळी वेगळं वाटतं. सकाळी ऐकलं तर शांतता, रात्री दमणूक.

आणि मग अगदी शेवटी सुरुवातीचीच वाऱ्याची ओळ परत येते, पण अर्धीच. 'वारा कुठूनही वाहो' एवढंच. 'मला काही फरक पडत नाही' हे यावेळी तो म्हणत नाही. वाक्य पुरं होईल म्हणून कान थांबतो आणि तिथे रॉजर टेलर मोठ्या झांजेवर, म्हणजे गाँगवर, हलकेच एक टोला देतो. आवाज वाढवून ठेवा, नाहीतर निसटतो.